वाचकांचे प्रश्न: दुसऱ्याच्या सर्व्हरवरची फाइल आपल्या पानावर आणताना

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत. पीएचपीमधून (बऱ्याच वेबसाइट्स जिच्यात लिहितात ती भाषा) दुसऱ्या साइटवरची फाइल वाचायची आणि आपल्या पानावर दाखवायची. कुणाला कांद्याचे भाव हवेत, कुणाला युरोचा दर, कुणाला नुसतं लिंकचं शीर्षक. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यावरच घेतलाय, लांब पत्रं थोडी कापलीत तेवढं समजून घ्या.

प्रश्न (निफाड, जि. नाशिक): ताई नमस्कार, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, साइटवर रोजचे कांद्याचे भाव दाखवतो, लासलगाव, पिंपळगाव वगैरे, सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वरून घेतो. भाच्याने फाइल_गेट_कंटेंट्स वापरून कोड लिहून दिला होता, तीन वर्ष नीट चालला. आता होस्टिंग बदललं तर भावाच्या जागी वॉर्निंग येते, एचटीटीपीएस रॅपर डिसेबल्ड आहे आणि पुढे अलाउ_यूआरएल_एफओपन शून्य असं काहीतरी, त्याच्याखाली आमचा सगळा पत्ता छापून येतो. होस्टिंगवाले म्हणतात सिक्युरिटीसाठी बंद आहे. कोडमध्ये आयएनआय_सेट टाकून पाहिलं, काही फरक नाही.

उत्तर: सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ती वॉर्निंग पानावर दिसतेय आणि त्यात पूर्ण पत्ता येतोय म्हणजे त्या पत्त्यातली तुमची एपीआय की (डेटा मागण्यासाठी दिलेला खास कोड) सुद्धा येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतेय. नवीन की घ्या आणि लाइव्ह साइटवर डिस्प्ले_एरर्स बंद करा, एरर लॉगमध्ये जाऊ द्या.

आता मूळ मुद्दा. अलाउ_यूआरएल_एफओपन, म्हणजे फाइल_गेट_कंटेंट्ससारख्या फंक्शनने बाहेरचा वेब पत्ता वाचायची परवानगी, ही सेटिंग पीएचपीमध्ये मुळात चालूच असते, होस्टिंगवाले मुद्दाम बंद करतात आणि त्यामागे जुनं कारण आहे. पूर्वी लोक पानाचं नाव पत्त्यातून घ्यायचे आणि न तपासता सरळ इन्क्लूड करायचे (ती फाइल कोड म्हणून चालवायचे), आणि इन्क्लूडला बाहेरचा वेब पत्ताही चालायचा, त्यामुळे कुणी तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकला की त्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर रन व्हायचा. अशा साइट्स ढिगाने फुटल्या. म्हणून २००६ मध्ये पीएचपी ५.२ आलं तेव्हा इन्क्लूडसाठी वेगळी सेटिंग केली, अलाउ_यूआरएल_इन्क्लूड, आणि ती मुळातच बंद ठेवली. म्हणजे फाइल नुसती वाचणं आणि बाहेरचा कोड चालवणं या दोन गोष्टी तेव्हाच वेगळ्या झाल्या, पण जुनी सवय बऱ्याच ठिकाणी राहिली.

आयएनआय_सेट चालणार नाही कारण ही सेटिंग सर्व्हर पातळीची आहे, चालू स्क्रिप्टमधून बदलताच येत नाही. तुमच्याकडे सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर त्यात मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर शोधा, होस्टिंगवाल्यांनी तो उघडा ठेवला असेल तर तिथे एक बटण सरकवलं की झालं. नसेल तर कर्ल (वेबवरून मजकूर आणायचं दुसरं साधन) वापरा, त्याला ही सेटिंग लागूच होत नाही. मी तर म्हणेन बटण मिळालं तरी कर्लच वापरा, कारण किती वेळ थांबायचं, रिडायरेक्टवर (समोरची साइट दुसऱ्या पत्त्याकडे पाठवते तिथे) जायचं की नाही, हे सगळं त्यात आपल्या हातात राहतं. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. रिटर्न-ट्रान्सफर ऑन करा, नाहीतर आलेला मजकूर व्हेरिएबलमध्ये न येता थेट पानावर छापला जातो. फाइल_गेट_कंटेंट्स रिडायरेक्टच्या मागे आपोआप जातं, कर्ल जात नाही, ते सांगावं लागतं. आणि समोरून ४०४ (फाइल सापडली नाही) आला तरी कर्लच्या दृष्टीने काम झालेलं असतं, तो फॉल्स देत नाही, म्हणून स्टेटस कोड वेगळा बघा, २०० (सगळं ठीक) असेल तरच पुढे जा.

आणि तुमच्या पत्राच्या शेवटी होतं की दहाच बाजारांचे भाव येतात. तुमच्या भाच्याने तिथल्या नमुन्याच्या कीवर काम चालवलेलं दिसतंय, त्या कीवर दहाच नोंदी मिळतात, स्वतःच्या नावाने रजिस्टर करून की घेतली की हा प्रश्न सुटेल.

प्रश्न (पुणे): आमचं युरोप टूर्सचं छोटं ऑफिस आहे. साइटच्या प्रत्येक पानावर वर युरोचा आजचा दर दाखवतो, तो एका साइटवरून त्याच वेळी वाचून घेतो. आठवड्यातून एकदोनदा साइट पूर्ण अडकते, पांढरं पान, मिनिटभर काहीच नाही, मग अचानक सुरू होते. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर म्हणतात प्लॅन मोठा घ्या. मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम ३० सेकंद आहे मग मिनिटभर कसं काय अडकतं? मोठा प्लॅन घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, निदान या कारणासाठी नको. तुमचा सर्व्हर काही काम करत नाहीये, तो नुसता उभा आहे दुसऱ्याच्या दारात.

तुम्हाला ३० सेकंदांचं कोडं पडलंय ते अगदी बरोबर पडलंय. लिनक्सवर तो आकडा फक्त तुमच्या स्क्रिप्टने स्वतः केलेल्या कामाचा मोजला जातो, बाहेरून डेटा यायची वाट बघण्यात, डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत. (विंडोजवर खरा घड्याळाचा वेळ धरतात, म्हणून ऑफिसच्या मशीनवर वेगळं आणि सर्व्हरवर वेगळं दिसतं.) वाट बघायची मर्यादा वेगळी आहे, डिफॉल्ट_सॉकेट_टाइमआउट, आणि ती मुळात ६० सेकंद असते. तुमचं मिनिट तिथून येतंय.

आता एक पान अडकलं तर अख्खी साइट का अडकते ते बघा. पीएचपी-एफपीएममध्ये (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी व्यवस्था) एका वेळी ठराविक वर्कर असतात, एक वर्कर एका वेळी एकच पान बनवतो, सोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये तर पाचच लिहिलेले असतात, बऱ्याच लोकांनी तो आकडा कधी बदललेलाच नसतो. दराची साइट सुस्त झाली, पाच लोकांनी तुमचं पान उघडलं, पाचही वर्कर दराची वाट बघत उभे, सहावा माणूस आला त्याला फक्त टूरचे फोटो बघायचेत, दराशी काही देणंघेणं नाही, तरी तो रांगेत. मोठा प्लॅन घेतला तर पाचाचे वीस होतील आणि वीसही उभे राहतील. अजून एक, तुमच्या साइटवर लॉगिन असेल तर सेशनची (लॉगिन लक्षात ठेवणारी) फाइल लॉक होते, म्हणून एकाच माणसाने दुसरा टॅब उघडला तर तोही अडकतो. बाहेर काही मागायला जाण्याआधी सेशन_राइट_क्लोज करायची (ते लॉक सोडायची) सवय लावून घ्या.

पहिला उपाय म्हणजे टाइमआउट कमी करणं. फाइल_गेट_कंटेंट्सच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्याला सोबत द्यायच्या सेटिंग्जमध्ये) ३ सेकंद दिलेत तरी तो आकडा दर वेळच्या वाचनाचा असतो, एकूण वेळेचा नाही, समोरचा सर्व्हर दर दोन सेकंदांनी थोडे थोडे बाइट्स टाकत राहिला तर तुम्ही बसून राहाल. कर्लमधला टाइमआउट मात्र एकूण वेळेचा असतो. पण तोही मुळात शून्य, म्हणजे कायमची वाट, तेव्हा तो आपण द्यायलाच हवा. कनेक्ट व्हायचा वेगळा टाइमआउट असतो, त्याचा डिफॉल्ट ३०० सेकंद आहे, तोही २-३ वर आणा.

पण खरं सांगायचं तर टाइमआउट हा तुमच्यासाठी उपायच नाही. मुळात येणाऱ्या प्रत्येक माणसामागे दर मागायची गरज काय? तुम्हाला संदर्भापुरता दर हवा असेल तर युरोपियन सेंट्रल बँक रोजची एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवते, त्यात एका युरोला कोणत्या चलनात किती ते असतं, रुपयाही आहे. ती फाइल कामाच्या दिवशी तिकडच्या दुपारी चारच्या सुमाराला बदलते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठ आणि तिकडच्या उन्हाळी वेळेत साडेसात. शनिवार रविवार बदलत नाही. दिवसातून एकदा बदलणारा आकडा तुम्ही दर क्लिकला आणताय. (बँक स्वतःच म्हणते की हे दर माहितीपुरते आहेत, तेव्हा गिऱ्हाइकाचं बिल यावर बनवू नका, बिलाला तुमच्या फॉरेक्सवाल्याचाच दर.)

म्हणून काम दोन भागात तोडा. एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावा, तासातासाने चालू दे, ती जाऊन फाइल आणेल आणि तुमच्याच सर्व्हरवर ठेवेल. तुमचं पान फक्त ती स्वतःची फाइल वाचेल. समोरची साइट दोन दिवस बंद राहिली तरी तुमचं पान तितक्याच वेगाने उघडेल, दर फक्त परवाचा दिसेल, आणि शेजारी 'अमुक तारखेचा दर' लिहा म्हणजे कुणाची फसगत होणार नाही. ही तारीख लिहिणं लोक टाळतात, मला ते अजिबात आवडत नाही, जुना आकडा आजचा म्हणून दाखवणं चूकच आहे.

या क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये मी स्वतः एकदा मोठी चूक केलीय ती सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. २०१३ ची गोष्ट, एका क्लायंटसाठी असंच काम होतं. समोरच्या साइटचं मेंटेनन्स चालू होतं आणि त्यांनी 'लवकरच परत येऊ' अशा अर्थाचं पान ठेवलं होतं, पण स्टेटस २००. माझ्या स्क्रिप्टला वाटलं सगळं ठीक, तिने ते पान चांगल्या फाइलवर लिहून टाकलं, आणि सकाळी क्लायंटच्या साइटवर दराच्या जागी रिकामी चौकट. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आणलेला मजकूर आधी वेगळ्या टेंपररी फाइलमध्ये ठेवायचा. मग तो पार्स होतोय का (प्रोग्रामला त्याची रचना नीट वाचता येतेय का), त्यात रुपयाचा आकडा आहे का, तो कालच्या आकड्याच्या आसपास आहे का हे बघायचं. सगळं जमलं तरच रीनेम करून जुन्या फाइलच्या जागी बसवायचा. एकाच डिस्कवर रीनेम एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल कुणाला वाचायला मिळत नाही. थेट जुन्या फाइलवर लिहायला गेलात तर त्या क्षणी आलेल्या माणसाला अर्धी एक्सएमएल मिळते आणि पार्सर ओरडतो.

तुमचा विषय चलनाचा आहे म्हणून एक सांगायचा मोह होतोय. कर्ल जन्मालाच याच कामासाठी आलं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला आयआरसी चॅटवरच्या मंडळींसाठी चलनाचे दर वेबवरून आपोआप आणायचे होते, त्याला १९९६ मधला एचटीटीपीगेट नावाचा ब्राझीलच्या एका प्रोग्रामरचा छोटा प्रोग्राम सापडला, तो त्याने वाढवत नेला आणि १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं.

प्रश्न (कोल्हापूर): ब्राउझरमध्ये फाइल उघडते, कोडमधून ४०३ (प्रवेश नाही) येतो. मित्राने सांगितलं की यूजर एजंटमध्ये क्रोमचं नाव टाक. टाकलं तर चाललं. हे बरोबर आहे का?

उत्तर: कारण बरोबर शोधलंय, उपाय चुकीचा. फाइल_गेट_कंटेंट्स तुम्ही सांगितल्याशिवाय यूजर एजंट, म्हणजे मागणारा कोण ते सांगणारी ओळ, पाठवतच नाही, आणि नाव न सांगता दार ठोठावणाऱ्याला बरेच सर्व्हर आत घेत नाहीत. तिथे स्वतःचं नाव टाका, तुमच्या साइटचं नाव आणि संपर्काचा ईमेल. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया तर असंच मागतं. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमुळे त्रास होत असेल तर ते तुम्हाला कळवू शकतात. नाव सांगूनही ४०३ आला तर त्यांना तुम्ही यायला नकोय असं समजा, परवानगी मागा किंवा दुसरीकडून डेटा घ्या.

प्रश्न (लातूर): सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड असा एरर येतो. नेटवर सगळीकडे एकच उत्तर, व्हेरिफाय_पीअर फॉल्स करा. केलं, चालतंय. शाळांच्या फीचं काम आहे म्हणून विचारतोय, काही धोका नाही ना?

उत्तर: धोका आहे, आजच काढा ते. तुम्ही त्या ओळीने सर्व्हरला सांगितलंय की समोर कोण आहे हे बघू नको, जो उत्तर देईल त्याचं खरं मान. मधे कुणी बसला तर फी भरली की नाही हे उत्तर तोही देऊ शकतो.

पीएचपीच्या स्ट्रीममध्ये (फाइल_गेट_कंटेंट्स ज्यावर चालतं त्यात) ही तपासणी आधी मुळात बंद होती, २०१४ मध्ये ५.६ पासून चालू झाली, आणि तेव्हा एका रात्रीत ज्यांचे कोड बंद पडले त्यांनी हे फॉल्सवालं उत्तर पसरवलं, ते अजून फिरतंय. खरं कारण बहुतेकदा तुमच्याच सर्व्हरवर असतं, विश्वासू सर्टिफिकेट्सची यादी जुनी असते नाहीतर सापडतच नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) साखळीतलं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं तेव्हा जुन्या ओपनएसएसएलवाले (सर्टिफिकेट तपासणारी लायब्ररी) कितीतरी सर्व्हर एकदम चांगल्या साइट्सना नाही म्हणायला लागले, साइट्स ठीक होत्या, यादी आणि लायब्ररी जुनी होती. तेव्हा सर्व्हरचं सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज अपडेट करा. झॅम्पवर (स्वतःच्या मशीनवर पीएचपी चालवायचं पॅकेज) असाल तर कर्लच्या साइटवर कॅसर्ट नावाची पेम फाइल मिळते ती उतरवून पीएचपी डॉट आयएनआयमध्ये कर्ल डॉट सीएइन्फो आणि ओपनएसएसएल डॉट सीएफाइल या दोन्हींना तिचा पत्ता द्या. सर्व्हरच्या घड्याळात तारीख बरोबर आहे ना तेही बघा, तेवढ्यानेही हा एरर येतो. आणि तरी येत राहिला तर समोरच्यांनी मधलं सर्टिफिकेट लावलेलं नसेल, ते त्यांना कळवा.

प्रश्न (सावंतवाडी): जेसन फाइल आणली, प्रिंट केली तर अगदी बरोबर दिसते, मराठी अक्षरंही नीट, पण जेसन_डीकोड नल देतं. दोन दिवस गेले ताई.

उत्तर: बहुतेक फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम आहे. तीन बाइट्स असतात, डोळ्याला दिसत नाहीत, विंडोजवरच्या एडिटरमधून यूटीएफ-८ सेव्ह करताना येऊन बसतात, आणि जेसन_डीकोड त्यालाच अडखळतं. पहिले तीन बाइट्स बिन-टू-हेक्सने बघा, ईएफ बीबी बीएफ दिसलं तर ते कापून टाका आणि मग डीकोड करा. ते नसेल तर जेसन_लास्ट_एरर_मेसेज छापा, तो कारण सांगतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): प्रोजेक्टमध्ये लिंक प्रिव्ह्यू केलाय, यूजर लिंक टाकतो, सर्व्हर ते पान आणून शीर्षक आणि थोडा मजकूर दाखवतो. व्हायव्हाच्या आधी मित्राने लिंकच्या जागी फाइल असं लिहून सर्व्हरवरच्या पासवर्ड फाइलचा पत्ता टाकला आणि ती चक्क स्क्रीनवर आली. एचटीटीपी नसेल तर नको अशी इफ टाकली. आता सेफ आहे का?

उत्तर: मित्राचे आभार माना. पण अजून सेफ नाही. तुझ्या सर्व्हरला जे दिसतं ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि तू बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या डोळ्यांनी बघायची सोय करून दिलीयेस. तो १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता) टाकेल, कॉलेजच्या आतल्या नेटवर्कचा १९२.१६८ वाला पत्ता टाकेल, आणि ते सगळे एचटीटीपीच आहेत, तुझी इफ त्यांना सोडेल.

याला एसएसआरएफ (सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी) म्हणतात, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत हा स्वतंत्र नंबरवर आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या बाबतीत हेच झालं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक मशीनला आतून १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता दिसतो, तिथे मशीनच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळतात, बाहेरून तो कुणालाच दिसत नाही. चुकीच्या पद्धतीने लावलेल्या फायरवॉलकरवी हल्लेखोराने तो पत्ता आतून वाचून घेतला, किल्ल्या मिळाल्या, आणि अमेरिकेतल्या साधारण १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने त्या पत्त्यासाठी आधी टोकन मागणारी नवी पद्धत आणली.

तुझ्या कोडमध्ये काय करायचं ते सांगते. फाइल_गेट_कंटेंट्स इथून काढ, त्याला फाइलचे पत्तेही चालतात आणि पीएचपीचे स्वतःचे रॅपरही (पीएचपी:// ने सुरू होणारे खास पत्ते). कर्ल घे आणि त्यात प्रोटोकॉल फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस ठेव. मग लिंकमधल्या नावाचा आयपी (आकड्यांतला पत्ता) काढ आणि तो १०, १७२.१६ ते १७२.३१, १९२.१६८, १२७ किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नाही म्हण, आयपीव्ही६ मधलेही तसेच पत्ते आहेत ते विसरू नको. पीएचपीच्या फिल्टर_व्हारमध्ये खाजगी आणि राखीव रेंज नाकारायचे फ्लॅग आहेत, बरंचसं काम तेच करतात.

आता इथे दोन फटी राहतात आणि परीक्षकाने विचारलं तर याच विचारेल. एक म्हणजे रिडायरेक्ट, लिंक चांगल्या साइटची असते आणि ती साइट तुला १२७.०.०.१ कडे पाठवते, म्हणून कर्लचं आपोआप रिडायरेक्ट बंद ठेव आणि प्रत्येक नवा पत्ता पुन्हा पहिल्यापासून तपास, तीनपेक्षा जास्त वेळा जाऊ नको. दुसरी म्हणजे तू आयपी तपासलास तेव्हा डीएनएसने (नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) चांगला आयपी दिला आणि कर्ल गेला तेव्हा त्याच नावाला आतला आयपी दिला, हे मुद्दाम करता येतं, म्हणून तपासलेला आयपीच वापर असं कर्लला सांगायचं, त्यासाठी रिझॉल्व्ह नावाचा ऑप्शन आहे. आणि आकाराला मर्यादा घाल, शीर्षक पानाच्या सुरुवातीलाच असतं, ५१२ केबी वाचून झाले की राइट-फंक्शनमधून शून्य परत कर, कर्ल तिथेच थांबतो, नाहीतर कुणीतरी चार जीबीच्या आयएसओची लिंक टाकेल आणि तुझ्या मशीनची मेमरी संपेल.

हे सगळं लावून झालं की त्याच मित्राला परत बसव, अर्धा तास दे, आणि त्याने काय काय टाकून पाहिलं ते लिहून ठेव, व्हायव्हाच्या रिपोर्टमध्ये ते टेबल सरळ घालता येईल.